पापणीकाकांची गच्ची

त्यांनी मला कधी नमस्कार केला नाही. कुणालाच करत नसत. माणूस समोर आला की त्यांचा उजवा हात वर यायचा, अंगठा त्याच्या डोळ्याखाली टेकायचा, कातडी खाली ओढली जायची आणि पापणीची आतली बाजू ते मान तिरकी करून उजेडात बघायचे. मग एकच शब्द. "तांबडी." किंवा "गुलाबी." किंवा "पांढरी." पांढरी म्हणताना त्यांचा आवाज असा चढायचा की समोरच्याला वाटावं, आपण काहीतरी चोरलंय. दूधवाला, मीटरचं रीडिंग घेणारा, मतं मागायला आलेला उमेदवार, कुणी सुटायचं नाही. बायकांना मात्र ते हात लावत नसत. दोन पावलं मागं सरून म्हणायचे, "तंगी, तूच वढ खाली. मी लांबनं बगतो." तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. पंचाहत्तरीची म्हातारीसुद्धा त्यांच्या तोंडी तंगीच असायची.

सगळी गल्ली त्यांना पापणीकाका म्हणायची. ते मूळचे दुधनीकडचे. सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासण्यात सगळी नोकरी गेलेली. बायको मुलाकडे हुबळीला, आणि हे एकटे सोलापुरात, आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये, तिसऱ्या मजल्यावर.

आम्ही राहायला आलो त्या दिवशी मी कपाटाचं एक टोक धरून जिना चढत होतो. हात गुंतलेले. काका वरून उतरत होते. ते थांबले, अंगठा टेकवला, बघितलं. "तांबडी. झ्याक." मागून सुनंदा, माझी बायको, देवांची टोपली घेऊन येत होती. तिला त्यांनी पापणी ओढायला लावली. ती गोंधळली, पण तिनं ओढली. काकांनी रंग सांगितलाच नाही. मग माझ्याकडे वळून विचारलं, "ह्या काय खातात?"

"आम्ही खातो तेच की," मी म्हणालो.

"न्हाय. तुमी खाता. ह्या वाढतात."

आणि उतरून गेले. कपाट तसंच हातात धरून मी उभा. मला त्या माणसाचा राग आला. तो राग मी नंतर कितीतरी दिवस जपून ठेवला. पुढं जे घडलं त्याचं मूळ तिथंच आहे, म्हणून आधी सांगून टाकतो.

आमच्या डोक्यावरची गच्ची त्यांनी कुणाला विचारून घेतली नव्हती. रंगाचे रिकामे डबे, फुटक्या बादल्या, सिमेंटच्या पिशव्या, मध्यभागी निळ्या पिंपात एक शेवगा, आणि त्या सगळ्यात माठ, राजगिरा, अंबाडी, हिवाळ्यात चाकवत आणि करडई. वर जुन्या साड्यांचं छत. मातीवर टॉवेल पसरलेले. आमच्या गावात टॉवेलच्या कारखान्यातून नापास झालेला माल किलोवर मिळतो. काका तो आणायचे, ओला करायचे आणि रोपांच्या बुडाशी अंथरायचे. "ऊन लई खातंय पानी," म्हणायचे. "टावेलानं तोंड झाकलं की खात न्हाय."

नळाला पाणी पाच दिवसांआड. अशा गावात गच्चीवर भाजी पिकवायची म्हणजे वेडेपणा. त्यावर काकांचा एकच नियम होता. ज्याला भाजी पाहिजे त्यानं आपल्या स्वयंपाकघरातलं धुणवणाचं पाणी वर आणायचं. तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं. साबणाचं नाही. कॅन वर आला की काका त्यात बोट बुडवून जिभेला लावायचे. "आज शेंगा उकडल्या व्हय? मीठ हाय. हे शेवग्याला घाला, माठाला नको." एकदा कुणीतरी फरशी पुसलेलं पाणी आणलं, तर त्यांनी तो कॅन त्या बाईच्या दारापर्यंत परत नेऊन ठेवला आणि आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. त्यांना गोड बोलता येत नसे. ती कला त्यांना नव्हतीच.

तळमजल्यावर नरसव्वाचं घर. नवरा आणि मुलगा दोघं यंत्रमागावर, ती आणि तिची सून भाग्या घरी बसून विड्या वळायच्या. घरात बोलणं तेलुगू. भाग्याचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती आणि तिला दिवस गेले होते. काकांनी तिची पापणी बघितली आणि दुसऱ्या दिवसापासून एक जुडी रोज खाली जायला लागली. आठवड्यानं त्यांनी तिला जिन्यात अडवलं.

"काल काय खाल्लीस तंगी?"

"वरण-भात, काका. लोणचं."

"आन् राजगिरा?"

"केलती की. मामंजींना लई आवडली. ह्यांनी पन दोनदा घेतली."

"तुला?"

भाग्या हसली. "कढईला लागलेली होती, ती पुसून घेतली."

त्या दिवशी काकांनी गच्चीवर शेगडी नेली. त्यानंतर कच्ची जुडी कुणाला मिळाली नाही. भाजी पाहिजे तर अकरा वाजता, पुरुष कामाला गेल्यावर, पाण्याचा कॅन घेऊन वर यायचं आणि तिथं बसून खायची. काका स्वतः शिजवायचे, बरोबर भाकरी, शेंगाची चटणी, वरून लिंबू. डब्यात भरून खाली न्यायची नाही. चहा मागायचा नाही. दवाखान्यातली रक्तवाढीची गोळी खाल्ली का, हे आधी सांगायचं. कुणी म्हणालं, "काका, पोरासाठी एवढी नेते," तर ते पातेल्यावर झाकण ठेवायचे. "पोराची आई खाऊ दे आदी."

मी एकदा त्यांना विचारलं होतं, हे सगळं कशासाठी. ते म्हणाले, "सगळा जन्म मी कागदावर रक्ताचे आकडे लिवून दिले. सात. साडेसात. आट. बाया कागद घडी घालून कमरेला खोचायच्या आन् जायच्या. आकडा कुनी खातंय व्हय?"

हे ऐकून मान डोलावण्याइतका मी शहाणा होतो. पण एक दिवस डोकं दुखतंय म्हणून सात रस्त्याच्या कॉलेजातून, जिथं मी ऑफिसात आहे, लवकर घरी आलो. घराला कडी. शोधत वर गेलो. गच्चीवर विड्या वळणाऱ्या बायकांच्या ओळीत सुनंदा मांडी घालून बसली होती, ताट मांडीवर. तोंडात घास होता आणि ती कशावर तरी खदखदून हसत होती. मला एकदम जाणवलं, मी हिला जेवताना बघितलेलंच नाही. आमच्याकडे ती मागून जेवते. मी तोवर टीव्हीसमोर असतो.

हे जाणवून मला वाईट वाटायला हवं होतं. मला अपमान वाटला.

"घरात खायला नाही का तुला?" खाली आल्यावर मी विचारलं.

"आहे की."

"मग लोकांच्यात जाऊन ताट धरायची काय गरज? मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. लोक काय म्हणतील?"

ती भांडी लावत होती. न वळता म्हणाली, "घरात सगळं आहे. पण वर मला कुणीतरी विचारतं, अजून वाढू का?"

त्यानंतर काही आठवड्यांनी आमच्या झोपायच्या खोलीच्या छताला ओल आली. आधी हाताएवढा डाग, मग परातीएवढा. पोपडे गादीवर पडायला लागले. सुनंदा हळहळली. मी चेहरा गंभीर केला. पण आतून मला त्या डागाचा आनंद झाला होता. हे लिहिताना हात जड होतो, पण ते तसंच होतं.

मे महिना होता. मी चेअरमनकडे गेलो. चेअरमन दुसऱ्या मजल्यावरचे, टॉवेलचा धंदा. गच्चीवर पत्र्याचं शेड टाकून गाठोडी ठेवायची त्यांची इच्छा जुनीच होती. ते म्हणाले, "मी काय सांगत होतो? रोज घागरी घागरी पाणी ओततंय म्हातारं. स्लॅब बसला एखाद्या दिवशी तर जबाबदार कोण? सेक्रेटरी." ठरलं असं की गच्चीला कुलूप लावायचं, कॉन्ट्रॅक्टरला दाखवायचं आणि मीटिंग घेऊन गच्ची रिकामी करायचा ठराव करायचा.

कुलूप मी स्वतः आणलं. लावताना काका मागं येऊन उभे राहिले.

"लावा. पन अकराला उगडा की."

"काका, कॉन्ट्रॅक्टर बघून जाईपर्यंत गच्ची कोरडी ठेवायला लागेल. पाणीसुद्धा घालायचं नाही. तरच कळेल गळती कुठली ते."

"ह्या उनात?"

"थोडे दिवसच."

"माटाला सांगा की, थोडे दिवसच." मग आवाज खाली आणून म्हणाले, "सेक्रेटरी, भाग्याचं रक्त आत्ता कुटं वर सरकाय लागलंय. ह्या तपासनीला न्हाय चढलं तर तिला दवाखान्यात घेनार, रक्ताची बाटली लावनार. नरसव्वा बाटलीला भितीया. पोरीला म्हाईरी धाडून देईन म्हनतीया. तितं कोन बगनार तिच्याकडं? एवढे दिवस जाऊ द्या. मग लावा टाळं, मी बोलनार न्हाय."

मला सगळं नीट समजलं होतं, आणि तरी मी किल्ली फिरवली. वर असंही म्हणालो, "नियम सगळ्यांना सारखा."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आमच्या दाराबाहेर फोडणीचा वास आला. काकांनी शेगडी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, कुलूपबंद दरवाजाला टेकून मांडली होती. भाजी मंडईतून विकत आणलेली. बायका खालच्या पायऱ्यांवर ओळीनं बसलेल्या, एकीच्या डोक्याशी दुसरीचे पाय. सुनंदाही. मी दार लोटून घेतलं. दाराच्या फटीतून त्यांचं बोलणं ऐकू यायचं.

"काका, साहेबांच्या दारात बसून खातोय, पाप लागंल बगा."

"कुनाला?" काकांनी विचारलं, आणि सगळ्या हसल्या.

ते हसणं मला लागलं. चेअरमननी निरोप पाठवला, जिन्यात गॅस म्हणजे सगळी इमारत पेटेल. निरोप खरा होता, म्हणून मला सोपं गेलं. मी बाहेर जाऊन सांगितलं. काकांनी माझ्याकडे न बघता बटण फिरवलं. ज्योत विझली. "साकु," एवढंच म्हणाले. पुरे. मग अर्धवट शिजलेलं पातेलं उचलून आपल्या घरात गेले आणि दार लावून घेतलं.  कॉन्ट्रॅक्टर उद्या येतो, परवा येतो करत होता. आम्ही सगळे घामानं निथळत होतो आणि वर गच्चीत काय होत असेल याचा विचार मी टाळत होतो.

मीटिंगच्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं. मी मोटर लावली. एरवी अंदाजानं बंद करतो. त्या दिवशी टाकी भरली का ते बघायला किल्ली घेऊन वर गेलो.

प्रत्येक ब्लॉकची टाकी वेगळी आहे. आमची जिन्याच्या खोलीमागं, कठड्याला चिकटून. टाकी आणि कठडा यांच्यात वीतभर फट, तिकडं कुणाची नजर जात नाही. मी वाकून बघितलं. पाणी टाकीच्या काठावरून उतरून त्या फटीत गुपचूप साचत होतं आणि तिथल्या भेगेत जिरत होतं. त्या भेगेच्या बरोबर खाली आमचा पलंग.

टाकीत एक चेंडू असतो. पाणी भरलं की तो वर येतो आणि नळ बंद करतो. पण तो वर यायला लागला की धारही बारीक होते, आणि पाच दिवसांआड येणाऱ्या पाण्यात बारीक धार कुणाला परवडते? म्हणून आमच्याकडे लोक तो चेंडू खाली ओढून बांधून टाकतात. शेवटच्या दोन बादल्या मिळतात. उन्हाळ्याच्या तोंडाला मीही बांधला होता, माझ्या जुन्या पायजम्याच्या नाडीनं. नाडी तशीच होती, माझ्या हातची गाठ.

मी मागं वळलो. काकांचे सगळे डबे विटांवर उचलून ठेवलेले होते. विटांखालची फरशी कोरडी ठणठणीत, भेगसुद्धा नाही. माठ काळा पडून मातीवर निजला होता. अंबाडीच्या काड्या उभ्या होत्या, पानं गळून गेलेली. टॉवेल वाळून पापडासारखे कडक झाले होते. एक मी उचलला तर त्याला डब्याचा गोल आकार तसाच राहिला. फक्त शेवगा जिवंत होता.

मी गाठ सोडली. चेंडू वर आला, पाणी थांबलं. मग मी खाली आलो, आणि येताना कुलूप परत लावलं.

का लावलं, हे मी स्वतःला नंतर अनेकदा विचारलं आहे. संध्याकाळी मीटिंग होती. चेअरमनसमोर, सगळ्यांसमोर, सुनंदासमोर सांगावं लागणार होतं. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत तरी वेळ आहे. मीटिंगसाठी मी रजा टाकली होती. किल्ली खिशात घालून मी पेपर वाचत बसलो. एक ओळ डोक्यात शिरत नव्हती.

अकराच्या सुमारास जिन्यात पावलं ऐकू आली. सावकाश, दर मजल्याला थांबत. मी बाहेर आलो. भाग्या होती, हातात पाण्याचा कॅन. शेगडी बंद झाल्याचं तिला माहीत होतं.

"आज जेवण नाही, भाग्या," मी म्हणालो.

"म्हाईत हाय, साहेब. झाडांना पानी आनलं. वाळतील म्हनून." ती दरवाजाकडे बघत होती. "दाराखालनं सोडलं तर जाईल का आत?"

मी उत्तर देण्याआधी ती पायरीवर बसली. बसली कसली, पाय दुमडले. कॅन कलंडला आणि तांदळाचं पांढरट पाणी एकेका पायरीवरून खाली पळायला लागलं. सुनंदा धावत आली. काकांचं दार उघडलं. या वेळी ते दोन पावलं मागं सरले नाहीत. ते गुडघ्यावर बसले आणि आपल्या अंगठ्यानं तिची पापणी ओढली. बाईच्या डोळ्याला त्यांचा हात लागलेला मी त्या एकाच वेळी बघितला.

"पांढरी," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. मला त्याचीच भीती वाटली.

सुनंदानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. आणि मी, रिक्षा आणायची सोडून, उभ्या उभ्या बोलून गेलो, "काका, गळती तुमची नाही. माझी टाकी सांडत होती. चेंडू मी बांधला होता."

सुनंदानं वर बघितलं. काकांनी नाही.

"कवा कळलं?"

"आज सकाळी."

"मग सकाळीच का न्हाय उगडलं?"

माझा हात खिशातल्या किल्लीवर गेला. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. रिक्षा बगा."

रिक्षात भाग्याच्या एका बाजूला नरसव्वा, दुसऱ्या बाजूला सुनंदा, काका पुढं ड्रायव्हरशेजारी अंग चोरून. नरसव्वा रडत होती, "बाटली नको, काका, दुसऱ्याचं रक्त पोटातल्या पोराला लागतंय." काका मागं वळून ओरडले, "नरसव्वा, तुझ्या पोरानं राजगिरा दोनदा घेतला तवा न्हाय रडलीस! आत्ता गप बस." आणि रिक्षा गेली. मला कुणी चल म्हणालं नाही.

दुपारी चेअरमननी बोलावलं. पंख्याखाली बसवलं, सरबत दिलं.

"जिन्यातलं सगळं ऐकू येतं मला," ते म्हणाले. "तुमच्या टाकीचं कळलं. होतं असं, सगळेच बांधतात. पण ते मीटिंगमध्ये कशाला काढता? म्हातारं दवाखान्यात. ठराव होऊन जाऊ दे. शेड टाकताना तुमचा स्लॅब मी माझ्या खर्चानं करून देतो. झालं?"

मी सरबत संपवलं. नाही म्हणालो नाही. हो पण म्हणालो नाही. मला त्या वेळी हो म्हणावंसं वाटत होतं, अगदी मनापासून.

मीटिंग खाली पार्किंगमध्ये भरली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, सगळे ब्लॉकमालक. जिन्याच्या पायऱ्यांवर बायका विड्यांची सुपं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मीटिंगला त्या कधी येत नसत. सुनंदा नुकतीच दवाखान्यातून आली होती. ती त्यांच्यातच बसली, माझ्याकडे न बघता. चेअरमननी ठराव वाचला. छताची गळती, गच्चीवरची बेकायदा लागवड, सर्वसंमतीनं रिकामी. "सेक्रेटरी, मांडा."

मी उभा राहिलो. शर्ट पाठीला चिकटला होता. पायऱ्यांवर विड्या वळायचा आवाज थांबला.

"गळती माझ्या टाकीची आहे," मी म्हणालो. "काकांच्या डब्यांखाली फरशी कोरडी आहे. मी बघून आलोय. आणि..." इथं मी पायऱ्यांकडे वळलो, "कुलूप मी गळतीसाठी लावलं नव्हतं. माझी बायको वर जाऊन जेवते, याचा मला राग होता."

कुणीतरी खुर्ची सरकवली. चेअरमन म्हणाले, "हे घरगुती झालं. ठराव काय लिहायचा ते बोला."

"गच्ची उघडी राहील, असं लिहा," पायऱ्यांवरून सुनंदा म्हणाली.

"वहिनी, तुम्ही सभासद नाही. ब्लॉक साहेबांच्या नावावर आहे."

"सभासद नाही. खाणारी आहे."

मागून एक म्हातारी म्हणाली, "लिवा की ओ चेअरमन. का तुमची पन पापनी बगायची?" तेव्हा पुरुषही हसले. त्या हसण्यातच ठराव पडला. मी किल्ली सुनंदाच्या हातात दिली. ती घेतली तिनं, पण त्या रात्री आणि नंतर बरेच दिवस आमच्यात कामापुरतंच बोलणं होतं.

भाग्याला बाटली लागली. चार-पाच दिवसांनी ती घरी आली, पावसाळ्यात मुलगी झाली, वजनानं कमी पण धडधाकट. मी काकांना विचारलं, त्या बंद दिवसांमुळे भाग्याचं रक्त उतरलं का. ते म्हणाले, "एवढ्या दिसांत कुनाचं रक्त उतरत न्हाय. तिचं आदीच कमी हुतं." हे माझ्या समाधानासाठी नव्हतं. तीस वर्षं रक्त बघितलेल्या माणसाचं ते उत्तर होतं, आणि ते खरंच असणार. पण माझं ओझं त्यानं हललं नाही. मी ज्या दिवशी कुलूप परत लावलं, त्या दिवशी तिचं रक्त किती आहे हे मला माहीत नव्हतं, आणि तरी मी लावलं.

काकांनी माठ पुन्हा पेरला. माझ्या टाकीला सांडणाऱ्या पाण्यासाठी एक पाइप जोडून त्याचं तोंड शेवग्याच्या पिंपात सोडलं. मला त्यांनी ना शिव्या दिल्या, ना माफ केलं. एका रविवारी अकरा वाजता दार वाजवलं आणि हातात पळी दिली. "वाढा."

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी वाढायचं काम माझं. पहिल्या दिवशी भाकरी किती पुढं करायची, भाजी कुठल्या बाजूला, काही कळेना. बायका मजा बघत होत्या. "साहेब, चटनी डाव्या हाताला!" मी सुनंदासमोर आलो. मी विचारलं, "अजून वाढू?" तिनं भाकरी बाजूला सरकवून ताटात जागा केली. मग म्हणाली, "वाढा."

सगळ्यांचं झाल्यावर मी बसायला लागलो तर पातेलं रिकामं. काकांनी भाकरीचा तुकडा माझ्या हातात दिला आणि कढईकडे बोट केलं. "पुसून घ्या."

काका त्यानंतर दोन वर्षं होते. मग गुडघे गेले, तीन मजले चढवेनात, मुलगा हुबळीहून गाडी घेऊन आला. त्या सकाळी काका एकेक पायरी उतरत होते आणि प्रत्येक मजल्यावर बायका आपापल्या उंबऱ्यात उभ्या होत्या, पापणी खाली ओढून.  ते थांबायचे, मान तिरकी करायचे. "गुलाबी." पुढची. "गुलाबी. गोळी सोडू नको." सुनंदासमोर ते जास्त वेळ थांबले. "तांबडी," म्हणाले, "झ्याक." भाग्याच्या कडेवरच्या पोरीनं बघून बघून स्वतःच बोटानं गाल ओढून धरला होता. तिच्याकडे बघून ते मोठ्यानं हसले. त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदा ऐकलं.

मी त्यांची पिशवी गाडीत ठेवली. एवढ्या वर्षांत, कपाट चढवलं त्या दिवसानंतर, त्यांनी माझी पापणी एकदाही बघितली नव्हती. मी तोंड पुढं केलं, जरा वाकलोसुद्धा. अंगठा येईल म्हणून वाट बघत उभा राहिलो.

काका गाडीत बसले, पाय आत घेतला. "तुमची काय बगायची, सेक्रेटरी?" ते म्हणाले. "तुमची तांबडीच असनार."

आता गच्ची सुनंदा बघते. पाणी चाखायला तिनं काकांसारखंच बोट बुडवायला सुरुवात केली आहे. घरी आम्ही दोघं बरोबर बसतो. रोज जमतंच असं नाही, पण बसतो. आणि दाढी करताना कधी कधी माझा अंगठा आपोआप डोळ्याखाली जातो. मी कातडी खाली ओढतो, मान तिरकी करून उजेडाकडे वळतो आणि आरशात बघतो.

तांबडीच असते.